संग्रहालयाजवळची पाच ठिकाणं

शनिवारी मुंबईला येतो आहे, असं दीनानाथ सरांनी मुलाला तीन आठवड्यांपूर्वी रविवारच्या फोनवर सांगितलं होतं. "बरं, बघतो," असं पार्थ म्हणाला होता. त्याचं ते बघणं आज बुधवारी सकाळी फोनवर येऊन पडलं, आणि ती एक यादी होती. वर 'संग्रहालयाजवळ जेवायची ठिकाणं' असा मथळा, खाली एक ते पाच आकडे, प्रत्येक आकड्यापुढे एका हॉटेलाचं नाव आणि नावाखाली दोन-तीन ओळी. सरांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत लावला आणि बोटानं यादी खाली-वर सरकवून पाहिली. वर काही राहून गेलं असेल, खाली काही असेल. काही नव्हतं. घरी या नव्हतं, स्टेशनवर येतो नव्हतं, किती दिवस राहणार असंही विचारलेलं नव्हतं. बापानं येतो म्हणून सांगावं आणि मुलानं त्याला हॉटेलं कळवावीत, एवढाच तो प्रकार. फोन त्यांनी टेबलावर पालथा ठेवला आणि चहाचा कप उचलला. चहा निवला होता.

"काय म्हणून राह्यला पार्थ?" बायकोनं, ताराबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"काही न्हाई. हॉटेलं कळवलीत."

"कशाची हॉटेलं?"

"जेवायची."

मग ताराबाई दारात आल्या. "म्हंजे घरी न्हाईच."

"तसं लिहिलं न्हाई त्यानं."

"लिहायला कशाला पाहिजे," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मुंबईला जायचं कारण तसं अभिमानाचं होतं, आणि सरांना तो अभिमान झाला नव्हता असं नाही. अंबडच्या शाळेत तेहतीस वर्षं चित्रकला शिकवून ते निवृत्त झाले. तासाला कंटाळलेल्या, पाट्या बडवणाऱ्या पोरांतलाच एक मुकुल आता मुंबईच्या मोठ्या कलासंग्रहालयात नोकरीला होता. खेड्यापाड्यांतल्या शाळांत चित्रकला कशी शिकवली गेली याचं प्रदर्शन त्यानं मांडलं होतं आणि त्यासाठी सरांनी हातानं रंगवलेले दोन तक्ते तो घेऊन गेला होता. एक रंगचक्राचा, एक माणसाच्या प्रमाणांचा. शनिवारी अकराला उद्घाटन. पण या तीन आठवड्यांत सरांनी त्या तक्त्यांचा जेवढा विचार केला नसेल, तेवढा शनिवारच्या जेवणाचा केला होता. पार्थ घरी बोलावतो की नाही, एवढंच त्यांना हवं होतं. बोलावलं असतं तर दीड वर्षापूर्वीची ती गोष्ट आपोआप मिटली असती. कुणाला काही बोलावं लागलं नसतं.

त्यांनी फोन सुलटा केला आणि यादी नीट वाचायला घेतली. पहिलं ठिकाण संग्रहालयाच्या आवारातच होतं. 'सँडविच वगैरे मिळतं. खुर्च्या उंच, पाय टेकत नाहीत. फक्त चहासाठी.' दुसरं रस्ता ओलांडून उडप्याचं, 'पायऱ्या तीन, कठडा नाही.' तिसरं इराण्याचं, 'कितीही वेळ बसलं तरी उठवत नाहीत.' चौथं एका गल्लीत पहिल्या मजल्यावर, जेवण चांगलं पण जिना अरुंद. आणि पाचवं थाळीचं. त्याच्याखाली लिहिलं होतं, 'इथे वाढपी नको म्हटलं तरी वाढत राहतात.' सरांचं बोट तिथं थांबलं. हा टोमणा होता. इतक्या वर्षांत कुणी त्यांना इतका सरळ टोमणा मारला नव्हता, आणि तो लागला याचं कारण तो खरा होता.

ते मार्चचे दिवस होते. डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायला म्हणून सर एकटेच डोंबिवलीला पार्थकडे गेले होते. पहाटेची गाडी, मध्ये दोन केळी, आणि दारात पोचेपर्यंत दुपारचे दोन. दार सुनेनं उघडलं. मधुवंती डोंबिवलीतच वाढलेली, तिचं ऑफिसचं काम घरून चालू होतं, कानात ते इअरफोनचं पांढरं बोंड. तिनं पाणी दिलं आणि विचारलं, "बाबा, जेवायला वाढू ना?" आणि सर म्हणाले, "न्हाई न्हाई, झालं माझं. गाडीत खाल्लं." हे बोलताना त्यांचं पोट इतकं रिकामं होतं की केळ्यांची सालंसुद्धा आठवत होती. ती म्हणाली, "बरं," आणि आतल्या खोलीत जाऊन लॅपटॉपवर बोलू लागली. सर सोफ्यावर बसून राहिले. ओट्यावर झाकलेलं पातेलं दिसत होतं, त्यातून जिऱ्याच्या फोडणीचा वास येत होता. त्यांनी वाट पाहिली. आता येईल, परत विचारील, थोडं तरी घ्या म्हणेल. ते हात आडवा धरतील, ती तरी वाढेल. चार वाजता तिनं चहा दिला आणि दोन बिस्किटं. संध्याकाळी परत विचारलं, "तुम्ही थोडंसंच घ्याल ना?" आणि तोवर सरांच्या मनात असं काही कडू साचलं होतं की ते म्हणाले, "मला काहीच नको." पार्थ आला, त्यानं खोलीत डोकावलं. सर डोळे मिटून पडले होते. "झोपले वाटतं," तो म्हणाला. नंतर बाहेर ताटल्यांचा आवाज झाला. सकाळी डॉक्टरला न दाखवता, शाळेत काही काम निघालं असं सांगून ते परतीच्या गाडीत बसले. निवृत्त माणसाचं शाळेत काय काम निघणार, हे पार्थनं विचारलं नाही. त्याचंही त्यांना वाईट वाटलं.

आता हे सगळं दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो हसेल, हे सरांना कळत होतं. पण ते ज्या भोकरदनच्या घरात वाढले तिथं हे शिकवलं गेलं होतं, अगदी पाढ्यांसारखं. कुणाकडे जेवायला जायचं असलं की आई दारातच सगळ्या भावंडांना उभं करायची. पहिल्यांदा वाढायला आले की नको म्हणायचं. दुसऱ्यांदा आले की हात आडवा धरायचा. तिसऱ्यांदा आले की ताट थोडं पुढं सरकवायचं, पण मान खाली. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारं पोर हावरं, आणि हावरं पोर म्हणजे घराची अब्रू गेली. एकदा मामाच्या लग्नात धाकट्या बहिणीनं पहिल्याच खेपेला दोन जिलब्या घेतल्या तर आईनं पंगतीतच तिच्या मांडीला चिमटा काढला. ती रडली, आणि जिलब्या मात्र संपवल्या. सर तसे नव्हते. सर गुणी होते. त्यांनी उभ्या आयुष्यात पहिल्या विचारण्याला कधी हो म्हटलं नाही. नोकरीतही असंच. मुख्याध्यापकपदाबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले, "छे, मला कुठं जमतंय," आणि मंडळानं परत विचारलं नाही. तेव्हाही त्यांच्या मनात असंच कडू साचलं होतं. त्याला त्यांनी नशीब म्हटलं.

बस किती वाजता आहे ते विचारून येतो, असं सांगून ते बाहेर पडले. शुक्रवारी रात्री जालन्याला जाऊन गाडी धरायची होती. बसची वेळ त्यांना पाठ होती, पण घरात बसवत नव्हतं. कोर्टापुढं वकिलांच्या मोटारसायकली लागल्या होत्या, काळे कोट ऊन लागू नये म्हणून आत पळत होते. चालता चालता सर मनातल्या मनात त्या थाळीच्या हॉटेलात जाऊन बसले. एलिमेंटरीच्या परीक्षेसाठी स्मरणचित्राचा तास ते घ्यायचे तेव्हा 'हॉटेलातील दृश्य' हा विषय ठरलेला असे. पोरं एक टेबल काढत, टेबलावर दोन ग्लास, खुर्चीवर माणूस, मागं गल्ल्यावर मालक. माणूस नेहमी समोर बघत असे. त्याच्या ताटात काय आहे हे कुणी काढत नसे, आणि सरही ते कधी विचारत नसत. आता मात्र त्यांना त्या टेबलाशी स्वतः बसलेलं दिसत होतं, संग्रहालयाच्या उद्घाटनानंतर, एकटे, गळ्यात पाहुण्याचा बिल्ला, आणि एक अनोळखी वाढपी त्यांच्या ताटात वाढतो आहे, वाढतच चालला आहे. त्याला काय, तो पगारी माणूस. त्याच्या वाढण्यात माया कुठली. तेवढ्यावरही आपण सुखानं जेवू, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

बस स्टँडच्या बाजूला बद्रीनाथचं हॉटेल. सरांचाच विद्यार्थी, चित्रकलेत ढ, भज्यांत हुशार. सर समोरून जाताना दिसले की त्यानं बसवून घ्यायचं हे ठरलेलं.

"सर, बसा. गरम हायेत."

"न्हाई रे, आत्ताच चहा झाला."

"चहा झाला असंल. भजे कुठं झालेत."

"नको, पोट बराबर न्हाई."

"दोन खाल्ल्यानं काही होत न्हाई," असं म्हणेपर्यंत बद्रीनाथनं कागदावर भजी टाकून समोर ठेवली होती, वर मिरची. "जल्दी खा, निवतील. मुंबईला निघाले म्हणे तुम्ही. पार्थकडं?"

"हां. शनिवारी."

"मंग मजा हाय. सुनबाईच्या हातचं खाऊन या." हे बोलून बद्रीनाथला एकदम काही आठवलं असावं, कारण तो कढईकडे वळला आणि नुसताच झारा हलवत राहिला. म्हणजे ते इथपर्यंत आलं होतं. सर भजी खात होते ते थांबले.

ते कसं पसरलं याचा हिशेब त्यांनी अनेकदा केला होता. परत आल्यावर ताराबाईंनी विचारलं, इतक्या लवकर का आलात. सर म्हणाले, "काय सांगू, घास पोटात गेला न्हाई दोन दिवस." त्यात खोटं काय होतं. ताराबाईंनी ते भोकरदनला आपल्या बहिणीला, उषाबाईला सांगितलं. उषाबाईनं पुढं. वाटूरला सरांच्या चुलत बहिणीकडे, दैवशालाकडे पोचेपर्यंत ते 'सुनेनं सासऱ्याला दोन दिवस उपाशी ठेवलं' असं झालं होतं. आणि जालन्याच्या एका लग्नात मधुवंती हात धुऊन ताटावर बसली तेव्हा दैवशालानं सगळ्यांसमोर म्हटलं, "तू जेव बाई पोटभर, सासरे राहू दे उपाशी." मधुवंती उठली. न जेवताच उठली. सर पलीकडच्या पंगतीत होते. त्यांनी ऐकलं. ताटावरून उठून दोन पावलं जायचं आणि म्हणायचं, तिनं विचारलं होतं मला. एवढंच. ते बसून राहिले. कुणीतरी मठ्ठा वाढायला आलं आणि त्यांनी सवयीनं हात आडवा धरला. त्यानंतर मधुवंती अंबडला आली नव्हती, आणि पार्थचे रविवारचे फोन तब्येत आणि पावसापलीकडे गेले नव्हते. सगळे म्हणत, पोरगा सुनेच्या मुठीत गेला. सर म्हणत, जाऊ द्या. जाऊ द्या म्हणणारा माणूस मोठ्या मनाचा दिसतो, हेही त्यांनी पाहून ठेवलं होतं.

घरी आले तेव्हा बारा वाजत आले होते. आपण जायचंच नाही, असं त्यांनी वाटेत ठरवलं होतं. मुकुलला कळवायचं, तब्येत बरी नाही. तो परत आग्रह करील, मग बघू. आणि हे मनात येताच ते अंगणात उभेच राहिले. मुकुल मुंबईत पंधरा वर्षं राहिलेला. तो म्हणेल, 'बरं सर, काळजी घ्या.' तक्ते भिंतीवर लागतील, लोक बघतील, शनिवार निघून जाईल. नाही म्हणून वाट बघत बसणं त्यांना एकदम फार थकवणारं वाटलं. त्यांनी पार्थला फोन लावला.

"बाबा, मीटिंग चालू होऊन राह्यली, बोला जल्दी."

"ती यादी मिळाली. पाचव्या नंबरचं तू लिहिलं ते—"

"मी न्हाई लिहिलं. मधूनं केली यादी. ती गेल्ती प्रत्येक ठिकाणी, दोन शनिवार. मी नुसती पुढं पाठवली. तिलाच विचारा ना."

फोन बंद झाला. दोन शनिवार. डोंबिवलीहून तिथवर गाडीनं दीड तास. सरांनी यादी परत उघडली. पायऱ्या तीन, कठडा नाही. पाय टेकत नाहीत. जिना अरुंद. त्यांचा डावा गुडघा दुखतो हे पार्थच्या कधी लक्षात राहिलं नव्हतं. सकाळी चार वेळा वाचूनही हे आपल्या डोळ्यांत कसं शिरलं नाही, याचा त्यांना राग आला. मधुवंतीचा नंबर फोनमध्ये होता. दीड वर्षात लावला नव्हता. त्यांनी लावला.

"हॅलो. बाबा?" तिच्या आवाजात भीती होती.

"हां. यादी वाचली मी. ते वाढपी नको म्हटलं तरी वाढतात, ते मला उद्देशून लिहिलं का?"

"हो," ती म्हणाली. "पण टोमणा नाही तो. मी तिथं नको नको म्हणत होते आणि तो माणूस वाढतच होता. शेवटी मी खाल्लं. तेव्हा मला कळलं की तुमच्याकडे कसं विचारतात. आमच्याकडे एकदाच विचारतात, बाबा. नको म्हटलं की नको. मला खरंच वाटलं होतं तुमचं जेवण झालंय."

"हां."

"घरी या असं लिहायचं होतं मला. लिहिलं आणि पुसलं. तुम्ही नको म्हणालात तर ते खरं नको की दुसरं, हे मला ओळखता येणार नाही. हॉटेलात माणूस काय हवं ते स्वतः सांगतो. म्हणून हॉटेलं शोधली. आम्ही दोघं येतोय ना शनिवारी, तुमच्याबरोबर जेवायला. पार्थनं लिहिलं नाही का ते?"

"न्हाई."

"त्याला सांगितलं होतं मी."

सर खुर्चीवर बसले. ताराबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या, हात पदराला पुसत. त्यांच्याकडे बघतच सर बोलले, नाहीतर त्यांना ते बोलता आलं नसतं. "तू विचारलं होतं मला त्या दिवशी. दोनदा विचारलं. मीच न्हाई म्हणलो. आणि हे मी इथं कुणाला सांगितलं न्हाई. लग्नात ती दैवशाला बोलली तेव्हा मी तिथंच होतो. ऐकत होतो. बोललो न्हाई."

"तुम्हाला दिसलं होतं मी उठले ते?" तिनं विचारलं.

"दिसलं."

"आईंना हे माहीत आहे?"

"आत्ता झालं. ती समोरच उभी हाय."

मग मधुवंतीनं नाक ओढलं आणि तिचा आवाज कामाचा झाला. "बरं. मग शनिवारी घरी. काय करू जेवायला?"

"काहीही चालंल."

"काहीही नको. एक पदार्थ सांगा."

आणि सरांना सांगता येईना. त्यांनी आठवून पाहिलं. किती घ्यायचं नाही हे त्यांना माहीत होतं, कुणाकडे किती वेळा नको म्हणायचं हे माहीत होतं. जे वाढलं गेलं ते त्यांनी खाल्लं होतं. सहासष्ट वर्षं म्हणजे काही थोडी जेवणं नव्हेत. "मला काय आवडतं गं?" त्यांनी ताराबाईंना विचारलं.

"भरलं वांगं," ताराबाई म्हणाल्या. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

सरांनी फोन कानाला लावला. "भरलं वांगं मला आवडत न्हाई," ते म्हणाले. "साधं वरण कर. आणि आधी भात वाढ, भाकरीच्या आधी. आणि तू उभी राहून वाढू नको. बरोबर बस."

"बसेन," ती म्हणाली.

सरांनी फोन ठेवला. ताराबाई दारातून हलल्या नाहीत.

"तिनं विचारलं होतं?"

"हां."

"आणि मी भोकरदनपासून वाटूरपर्यंत बोंबलत फिरले."

"हां. माझ्यामुळं."

"आणि वांगंबी न्हाई आवडत."

"न्हाई."

"मंग चाळीस वर्षं दोन-दोनदा कशाला घेत होते?"

"तू आग्रह करत होती," सर म्हणाले.

ताराबाई बाहेर येऊन भिंतीशी पाटावर बसल्या. चेहरा रागाचा नव्हता. रागापेक्षा वाईट होता, हिशेब चुकलेल्या माणसासारखा. रोज या वेळेला त्या ताट वाढून आणत आणि सर जेवेपर्यंत शेजारी उभ्या राहत. आज त्या उठतील असं दिसेना. सरांना भूक लागली होती.

"मला भूक लागलीय," ते म्हणाले.

"घ्या हातानं," ताराबाई म्हणाल्या.

सर आत गेले. ताटं कुठं असतात ते शोधावं लागलं. पातेल्याचं झाकण काढलं, भात घेतला, वरण घेतलं. मग हात थांबला. किती घ्यायचं ते कळेना. समोर वाढणारं कुणी नव्हतं, नको म्हणायला कुणी नव्हतं. त्यांनी आणखी एक पळी भात घेतला, अर्धा परत ठेवला, परत घेतला. मग दुसरं ताट काढून त्यातही तेवढंच वाढलं. दोन्ही ताटं घेऊन ते बाहेर आले, गुडघा सांभाळत ताराबाईंच्या समोर खाली बसले आणि एक ताट त्यांच्यापुढे सरकवलं.

"जेवती का?" त्यांनी विचारलं.

"मला भूक न्हाई," ताराबाई म्हणाल्या.

सरांनी परत विचारलं.